रोगराईचा हिशेब कोणी ठेवायचा?



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही ‘गरीब देशांतील सार्वजनिक आरोग्याचे संशोधन आणि शिक्षण’ असे लिहून पाठविले. उत्तर आले की, विषय उत्तम आहे, परंतु श्रोते उन्हाने दिवसभर तापून संध्याकाळी मोकळ्या हवेत बसायला येतात हे ध्यानात असू द्यावे. या सूचनेतला अर्थ आम्हांला समजला. म्हणून आकडे जरुरीपुरतेच सांगू आणि आरंभ एका थर्मासच्या बाटलीपासून करू.

१९७६ चा सप्टेंबर महिना. आफ्रिकेतील झाईर देश. त्यालाच आज काँगो लोकशाही प्रजासत्ताक म्हणतात. तेथे यांबुकू नावाच्या आडबाजूच्या खेड्यातील मिशनच्या इस्पितळात तापाची एक विलक्षण साथ उद्भवली आणि माणसे पटापट मरू लागली. राजधानी किन्शासाहून ज्याँ-जाक मुयेम्बे नावाचे डॉक्टर तेथे गेले. बेल्जियममध्ये विषाणुशास्त्र शिकून मायदेशी परत आलेले हे गृहस्थ. हातमोजे नव्हते. तसेच उघड्या हातांनी त्यांनी रोग्यांचे रक्त काढले, आणि पाहतात तो सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबेचना. त्यांनी हात साबणाने धुतले आणि मिशनमधील एका आजारी सिस्टरला घेऊन ते राजधानीत परतले. ती बिचारी पुढे दगावली. तिचे रक्त थर्मासमध्ये, बर्फात घालून, विमानाने बेल्जियममधील अँटवर्प शहरी रवाना झाले. थर्मास उघडली तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते आणि आतली एक कुपी फुटलेली होती. दुसरी शाबूत होती. त्या एका कुपीतून जगाला एबोला रोगाच्या विषाणूची ओळख झाली. ही शोधकथा पुढे अनेक वर्षे जगभर सांगितली गेली आणि तीत मुयेम्बे यांचे नाव क्वचितच येई.

या हकीकतीत कोणी दुष्ट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. अँटवर्पच्या लोकांनी चोरी केली नाही. मुयेम्बेंनीच रक्त पाठविले, आणि पाठविण्यावाचून गत्यंतर नव्हते. किन्शासात तो विषाणू ओळखील अशी प्रयोगशाळाच नव्हती. पूर्वी आमच्या खेड्यांत ज्याला अक्षर येत नसे त्याला आपले देणे किती हे सावकाराच्या चोपडीवरून कळे. सावकार सज्जन असला तरी चोपडी त्याची, लेखणी त्याची आणि ती केव्हा उघडायची तेही त्याच्याच मर्जीवर! गरीब देशांच्या रोगराईचा हिशेब शंभर-सव्वाशे वर्षे असाच दुसऱ्यांच्या चोपडीत राहिला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्याला येऊन निश्चित केला. रोगी आमचे, तळी आमची, जंतू आमचे, आणि प्रबंध जर्मन भाषेत!

मुयेम्बेंची गोष्ट अर्धी सोडणे बरे नव्हे. ते देश सोडून गेले नाहीत. १९९८ पासून किन्शासाच्या राष्ट्रीय जीववैद्यक संशोधन संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे २०१८ साली काँगोच्या पूर्व भागात एबोलाची मोठी साथ आली, तेव्हा चार औषधांची तुलना करणारा प्रयोग त्या देशातच, आणि आसपास बंदुका चालत असताना, पार पडला. ६८१ रोगी त्यात होते. दोन औषधे सरस ठरली. त्यांतले एक तर १९९५ च्या साथीतून वाचलेल्या एका काँगोवासीयाच्या रक्तातून निघालेले आहे. थर्मासपासून या प्रयोगापर्यंत यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. हा काळ आपण मनात धरून ठेवावा, कारण पुढे तो लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, यात काय अवघड आहे? प्रयोगशाळा बांधा, यंत्रे आणा! सरकारांना आणि दात्यांनाही हेच सुचते, कारण इमारतीला कोनशिला बसविता येते. आम्ही स्वतः एका जिल्ह्याच्या ठिकाणी रक्ततपासणीचे एक मौल्यवान यंत्र पाहिले आहे. ते लाकडी खोक्यातून आले तसे खोक्यातच राहिले. ते चालविणाऱ्या माणसाची जागा मंजूर नव्हती. दोन पावसाळ्यांनंतर खोक्याला वाळवी लागली. यंत्र मात्र शेवटपर्यंत नवे कोरे होते.

पण यंत्राची गोष्ट सोपी आहे; कागदाची त्याहून बिकट. तरुणपणी आम्ही एका तालुक्याच्या गावी आरोग्य खात्यात होतो. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. दर आठवड्यास तक्ता वर पाठवावा लागे : लागण किती, मृत्यू किती. आमच्या कारकुनाने लागणीच्या रकान्यात आकडा भरला आणि मृत्यूच्या रकान्यात ‘निरंक’ असे सुंदर अक्षरात लिहिले. आम्ही म्हणालो, “अहो, परवा वाडीवरची दोन मुले गेली ना?” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, ती दवाखान्यात आली नाहीत. आणि आकडा दाखविला तर वरून विचारणा येते.” माणूस प्रामाणिक होता, पापभीरू होता, एकादशी करणारा होता. खोटे लिहितो आहोत असे त्याला मुळी वाटतच नव्हते. तक्ता हा वरच्यांसाठी असतो, आपल्यासाठी नसतो, एवढेच तो नोकरीत शिकला होता. आणि आमची लाजिरवाणी गोष्ट अशी की, त्या तक्त्यावर आम्ही सही केली.

त्या सहीने आम्हांला पुढे फार वर्षे सतावले. म्हणून ज्यांनी तक्ता स्वतःसाठी ठेवला अशा लोकांची हकीकत आम्ही हौसेने गोळा करू लागलो. तीतली सर्वांत मोठी हकीकत आपल्या शेजारची, म्हणजे ढाक्याची आहे.

ढाक्याला जाण्यापूर्वी क्षणभर कलकत्त्याला थांबू. पटकीच्या रोग्याच्या अंगातील पाणी आणि क्षार तासातासाला लिटर-लिटर निघून जातात आणि माणूस सुकून मरतो. ते शिरेवाटे परत भरले तर तो वाचतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण सलाईनच्या बाटल्या, सुया आणि डॉक्टर खेड्यात आणायचे कोठून? १९५३ साली कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने पाजले. रोगी बरे झाले. ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रात लेखही छापून आला. आणि पुढे? पुढे काहीच झाले नाही. लेखाची कोणी दखल घेतली नाही. काळ्या माणसाची उपेक्षा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्यात काही तथ्य नसेलच असे आम्ही म्हणत नाही. पण त्या लेखात एक उणीव होती. रोगी प्यायला किती आणि त्याच्या पोटातून गेले किती, याची मोजदाद नव्हती. तुलनेला दुसरा गट नव्हता. चटर्जींचे अनुमान अचूक होते. मोजणारे हात त्यांच्यापाशी नव्हते. त्याच कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून पटकीचे विष १९५९ साली दाखवून दिले. तो शोध आज सगळे जग मानते. पण डे यांच्यामागे ना संस्था होती ना शिष्यपरंपरा. एका माणसाची बुद्धी म्हणजे देशाचे सामर्थ्य नव्हे.

आता ढाका. १९६० साली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, मुख्यतः अमेरिकेच्या पैशाने पटकी-संशोधनाची प्रयोगशाळा स्थापन झाली. हेतू काही शुद्ध परोपकाराचा नव्हता. ‘सीटो’ नावाचा लष्करी करार होता, आणि पूर्वेकडील देशांत फिरणाऱ्या सैन्याला पटकीची भीती होती. असो. गंगेला मिळणाऱ्या ओहोळाचे मूळ कोणी विचारीत नाही. तेथे एक खाट असे. ताणलेल्या कापडाला मध्यभागी भोक, आणि भोकाखाली खुणा केलेली बादली. रोगी त्या खाटेवर पडून राही. जे जाई ते बादलीत. ठराविक तासांनी कोणीतरी वाकून बादलीतले माप वाचायचे, वहीत लिहायचे आणि तितकेच पाणी रोग्याच्या पोटात गेले की नाही हे पाहायचे. पहाटे तीन वाजताही! ते काम पदवीधर संशोधकाचे नव्हते. परिचारिकांचे आणि वॉर्डातल्या नोकरांचे होते. आधी दुसरीकडे झालेल्या प्रयत्नांत क्षारांचे प्रमाण चुकले होते, माणसे दगावली होती, म्हणून सर्वजण भीत होते. डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन तरुण अमेरिकन डॉक्टर, आणि त्यांच्याबरोबर रफीकुल इस्लाम आणि माजिद मोल्ला हे बंगाली डॉक्टर यांनी गेले तितके पाजायचे हा साधा नियम धरला. १९६८ साली त्यांनी दाखवून दिले की, तोंडाने पाणी पाजल्यास सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी लागते. त्याच सुमारास कलकत्त्यातही असेच निष्कर्ष निघाले. चटर्जींचे पाणी आणि हे पाणी यांत जातीचा फरक नव्हता. फरक बादलीचा होता.

तीन वर्षांत या पाण्याची परीक्षा झाली. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली; इस्पितळाच्या जमिनीवर रोग्यांची दाटी, आणि सलाईन संपत आलेले. कलकत्त्याचे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मापून पुड्या बांधविल्या आणि ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून शेकडा चारांच्याही खाली आले. महालनबीस २०२२ साली वारले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आम्ही सरकारचे अभिनंदन करतो. फक्त अर्धशतक उशिरा केले, एवढेच.

परंतु आमच्या मते ढाक्याचे खरे धन खाटेपाशी नव्हते. ते शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, मेघनेच्या मुलखात, मतलब नावाच्या गावी होते. तेथे १९६३ साली पटकीच्या लसीची चाचणी सुरू झाली. चाचणीसाठी गावागावांची मोजणी केली, माणसामाणसाला क्रमांक दिला. लस निराशाजनक निघाली. तिचे संरक्षण अपुरे आणि अल्पकाळाचे होते. दुसऱ्या कोणी वह्या बांधून ठेवल्या असत्या. यांनी १९६६ पासून त्या नियमाने चालू ठेवल्या. जन्म, मृत्यू, लग्न, गाव सोडून जाणे, गावात राहायला येणे, सर्व काही. गावातल्या स्त्रिया घरोघर जात आणि विचारीत. युद्ध झाले, दुष्काळ झाला, वही थांबली नाही. म्हणूनच १९७१ च्या संहाराने एका ग्रामीण मुलखात किती जादा माणसे मेली आणि पुढे किती मुले जन्माला आलीच नाहीत, हे अंदाजाने न सांगता मोजून सांगता येते. आज दोन लाखांहून अधिक लोकांची नोंद त्या वहीत आहे.

वही असली म्हणजे चुकाही कळतात, हा तिचा मोठा गुण. १९७५ साली मतलबमध्ये संततिनियमनाच्या गोळ्या घरोघर वाटण्याचे ठरले. वाटणाऱ्या स्त्रिया वयस्क, बहुतेक विधवा आणि निरक्षर होत्या. आरंभी वापर वाढला आणि मग घसरला. आमच्याकडे याचा अहवाल ‘योजना यशस्वी, इतक्या लाख गोळ्या वाटल्या’ असा झाला असता! तेथे वहीने सांगितले की गोळ्या वाटल्या गेल्या, घेतल्या गेल्या नाहीत. १९७७ साली मांडणी बदलली. तरुण, शिकलेल्या, विवाहित आणि स्वतः साधने वापरणाऱ्या गावच्याच स्त्रिया नेमल्या. एखादीला मळमळ झाली, रक्तस्राव झाला तर पुन्हा जाऊन तिची विचारपूस करायची हे त्यांचे मुख्य काम ठरले. अर्धा मुलूख मुद्दाम तुलनेसाठी पूर्वीसारखाच ठेवला. दोन वर्षांच्या आत सुमारे एकतृतीयांश जोडपी साधने वापरू लागली. पुढे देशाच्या कार्यक्रमाने हीच रीत उचलली.

आता मीठ आणि गूळ. फजले हसन आबेद हे शेल कंपनीत हिशेबाच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. युद्धानंतर, १९७२ साली, त्यांनी ‘ब्रॅक’ ही संस्था काढली. पुड्या खेड्यात पोचत नाहीत, तेव्हा घरातल्या जिनसांनी पाणी करायला प्रत्येक आईला शिकवायचे, असे तिने ठरविले. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. १९८० ते १९९० या दहा वर्षांत संस्थेच्या स्त्रिया सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. प्रत्येक घरी बसून, आईकडून पाणी करवून घेऊन, त्यांनी शिकविले. हिशेबनीस माणूस असल्याने आबेदांनी पगाराची रीत मोठी मार्मिक ठेवली. महिनाभराने दुसराच माणूस काही घरांत जाई आणि आईला विचारी, काय आठवते? तिला जितके मुद्दे नीट आठवतील त्यावर शिकविणारीचा मोबदला. किती घरे हिंडली यावर नाही! शिवाय आयांनी केलेले पाणी प्रयोगशाळेत तपासले जाई, चिमटीत मीठ जास्त पडले तर ते मुलाला घातक म्हणून. आमच्या शिक्षणखात्याने ही रीत लावली तर किती मास्तरांची चूल पेटेल याचा विचार आपण घरी जाऊन करावा.

आणि तरीही गाडे अडले. आयांना सर्व पाठ होते, पण मूल आजारी पडले की पाणी करीत थोड्याच होत्या. असे का? चौकशी केली तेव्हा एक गोष्ट अशी निघाली की, शिकविणाऱ्या बायकांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. त्यांच्या घरी जुलाब झाले तर त्या औषधाची गोळी आणीत. दुसरी गोष्ट त्याहून गमतीची, आणि आम्हांला विचाराल तर आजच्या सबंध विषयाचे मर्म तीत आहे. शिकविताना जो शब्द वापरीत तो ‘डायरिया’. गावच्या बायकांच्या लेखी मात्र जुलाबाचे चार प्रकार होते. अंगावर पिणाऱ्या मुलाची ‘दूध हागा’, अपचनाची ‘अजीर्ण’, आव पडते ती ‘आमाशा’, आणि पाण्यासारखी, जीव घेणारी ती ‘डायरिया’. पाणी डायरियासाठी सांगितले ना? मग बाकी तिन्हींना ते कशाला? आया आज्ञेप्रमाणेच वागत होत्या! हा घोटाळा जिनीव्हात बसून उलगडला नसता. किंबहुना जिनीव्हात तो प्रश्नच पडला नसता. त्यासाठी बंगालीत ऐकणारा, हगवणीबद्दल तासभर बोलण्याची लाज न बाळगणारा आणि ऐकलेले पद्धतशीर लिहून काढणारा माणूस हवा होता. शिकवण बदलली, चारही नावे घेऊन सांगू लागले, पुरुषांना बाजारात आणि मशिदीत गाठून समजावू लागले, तेव्हा पाणी चालू झाले. आज मुलाला हे पाणी देण्यात बांगलादेश जगातील अग्रेसर देशांत गणला जातो.

आमच्या बाजूला असे काही नाही असा समज कोणी करून घेऊ नये. अभय आणि राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ साली परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकविले. जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर इंजेक्शन देणेही त्यांत आले. ३९ गावांत हे चालविले आणि शेजारची गावे तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी उतरल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला. महाराष्ट्रात प्रत्यक्ष मरणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ मृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत, असे निरनिराळ्या भागांतल्या स्वयंसेवी संस्थांनी स्वतः मोजून त्यात दाखविले. तो वाचताना आम्हांला आमच्या कारकुनाचे ते सुंदर अक्षरातले ‘निरंक’ आठवले.

मग शिक्षणाचे काय? सार्वजनिक आरोग्य शिकायचे तर लंडन किंवा बाल्टिमोर, ही समजूत फार दिवस होती, आणि पुष्कळ अंशी खरीही होती. १९३२ साली कलकत्त्यास या विषयाची अखिल भारतीय संस्था निघाली तीही अमेरिकन रॉकफेलर फाउंडेशनच्या द्रव्याने. बाहेर शिकण्यात वाईट काही नाही. मुयेम्बे बाहेर शिकले, बंग बाहेर शिकले. प्रश्न परत येण्याचा आणि परत आल्यावर टिकण्याचा आहे. आमचा एक हुशार विद्यार्थी परदेशी गेला तेव्हा लोकांनी त्याला बोल लावला. आम्ही लावला नाही. येथे त्याला साथरोगाच्या कामावर नेमले होते, तीन वर्षांत तो मुलूख, तेथली भाषा, ओढे, विहिरी, भगत आणि सरपंच यांची त्याला नीट ओळख झाली, आणि नेमकी तेव्हा त्याला कुटुंबकल्याणाच्या टेबलावर धाडले. आमच्याकडे बादली मोजायला माणूस तयार झाला की त्याची बदली होते! ज्यांची बदली होत नाही ते अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने नेमलेले असतात. अशा माणसाने तीस वर्षांची वही कोणत्या धीराने उघडावी? ढाक्यास २००४ साली ब्रॅकच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय निघाले. त्याच्यामागे मतलबची वही आणि मीठ-गुळाच्या दहा वर्षांच्या चुका उभ्या होत्या. नुसत्या पुस्तकांवर विद्यालय काढता येते. पण विद्यार्थ्याने ‘हे तुम्हांला कसे कळले?’ असे विचारले की गुरुजी अडतात.

पैसा कोणाचा, हा प्रश्न टाळून चालणार नाही. पुण्याची विषाणू संशोधन संस्था आपल्यापैकी अनेकांनी रस्त्यावरून पाहिली असेल. १९५२ साली ती रॉकफेलर फाउंडेशन आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून काढली. पाचच वर्षांनी शिमोग्याकडील क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली, माणसांना ताप येऊ लागला, आणि हा पीतज्वर तर नव्हे ना, अशी धास्ती जगाला पडली. गोचिडांपासून होणारा तो एक नवाच रोग आहे, हे पुण्याच्या लोकांनी शोधले. १९६७ साली फाउंडेशनने हात काढून घेतला. तोवर आपली माणसे तयार झाली होती आणि परिषदेने सगळा भार उचलला. म्हणून ३० जानेवारी २०२० रोजी केरळातील पहिल्या कोरोना-रुग्णाचे निदान पुण्यात झाले. नमुन्याला थर्मासमधून समुद्रापार जावे लागले नाही. ढाक्याचे उदाहरण इतके सरळ नाही. १९७८ साली ती प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय केंद्र झाली, कीर्ती वाढली, पण संस्थेचा प्रमुख बांगलादेशी असावा हा योग ताहमीद अहमद यांच्या रूपाने २०२१ साली आला. साठ वर्षे! आणि खर्चाचा मोठा भाग बाहेरून येत राहिला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबविली, तेव्हा त्या केंद्राने हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. त्यांत क्षयरोगाच्या कामावरचे, घरोघर जाणारे पुष्कळ होते. बादली जाग्यावर राहिली, वाकून पाहणारा गेला.

देणाऱ्याने जन्मभर द्यावे असे कोणी म्हणू नये. पण दोन-तीन वर्षांच्या मुदतीचे पैसे आणि चाळीस वर्षांचे काम यांचा मेळ बसत नाही, हे मुयेम्बेंच्या हिशेबावरून दिसतेच. परक्याने हात काढण्याच्या दिवशी घरच्याने हात पुढे केलेला असावा लागतो. पुण्यात तो केला गेला. पण इतर ठिकाणी? आमची संस्थाने आणि नगरपालिका एके काळी आपल्या गावच्या मृत्यूंची पुस्तके जपून ठेवीत. आज आपल्या या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आरोग्याच्या नावाखाली काय येते ते आम्ही मुद्दाम पाहिले. साफसफाई येते, फवारणी येते, दवाखान्याची रंगरंगोटी येते. कोणत्या वॉर्डात कोण कशाने मेले हे वर्षाकाठी एकदा तपासून पाहण्याच्या कामी एक रुपयाही नाही.

मागल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या त्या जुन्या तालुक्यात सहज जाऊन आलो. तेथील एका वाडीवर आशा कार्यकर्ती भेटली. चाळिशीची, सातवीपर्यंत शिकलेली. सरकारी तक्ते ती भरतेच, पण तिच्यापाशी एक शंभरपानी वही होती, स्वतःच्या पैशाने आणलेली. गेल्या नऊ वर्षांत वाडीवर जन्मलेले प्रत्येक मूल तिने त्या वहीत लिहिले होते. जे गेले त्याच्या नावापुढे महिना लिहिला होता. पाने उलटीत ती म्हणाली, “साहेब, बघा ना, आखाड-श्रावणातच जास्त जातात. ओढ्याला पूर असतो म्हणून, की लावणीला आया शेतात असतात म्हणून, मला नाही कळत. मी वर विचारलं. तुमच्याकडं कुणी असेल का हे बघून सांगणारं?”

आम्ही वहीतली ती पाने उतरून आणली आहेत. येथे कोणी गणिताचे प्राध्यापक असतील, किंवा महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणारी मुले-मुली असतील, तर व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाच्या डाव्या बाजूला आम्हांला भेटावे. ती पाने या पिशवीत आहेत.